मातीनं तोडली

ते आधी कानावरचं पेन काढत. मग बंडीच्या खिशातून शाळेच्या वहीचा घडी घातलेला कोरा कागद. घडी उलगडून तो कागद समोरच्या माणसाच्या गुडघ्यावर ठेवत आणि विचारत, "लिहून देता काय?"

समोर सरपंच असो, एस.टी.चा कंडक्टर असो, की अमरावतीहून आलेला माझ्यासारखा तपासणीचा माणूस असो, प्रश्न तोच. आवाज चढलेला नसे. बाजारात वांग्यांचा भाव विचारावा तसा विचारत. बहुतेक लोक हसत. जे हसत नसत ते चिडत. लिहून देणारा क्वचित.

असा एखादा संशयी माणूस तुम्हीही पाहिला असेल. दूधवाल्याच्या मापात बोट बुडवून पाहणारा, डॉक्टरने दिलेली गोळी उजेडात धरून पाहणारा. अशा माणसांची आपण गंमत करतो आणि गरज पडली की त्यांच्यावरच पहिला संशय घेतो. मी हे दोन्ही केलं आहे.

त्यांचं नाव इथे लिहीत नाही. नाव न लिहिता एकदा त्यांच्याबद्दल एका कागदावर लिहिलं होतं, आणि ते कोण हे साऱ्या गावाला बरोबर कळलं होतं. त्या कागदाकडे येतोच. यायचं टाळत टाळत बरीच वर्षं घालवली.

अकोल्याहून पूर्णा नदीच्या अंगाने गेलं की खारपाणपट्टा लागतो. विहिरीला पाणी आहे, पण तोंडात धरवत नाही. पिण्याचं पाणी लांबून पाइपाने येतं, आणि तेही सहा-सात दिवसांतून एकदा. अशा एका गावात ते ग्रामपंचायतीचे शिपाई होते आणि पाणी सोडायचं कामही त्यांच्याकडेच होतं. शिपाई म्हणून त्यांना कोणी विचारत नसे. पण व्हॉल्व्हची चावी, म्हणजे हातभर लांबीचा तो टी-आकाराचा लोखंडी पाना, खांद्यावर टाकून ते निघाले की बाया दारात येत. म्हातारी माणसंसुद्धा त्यांना अहो-जाहो करत. निळ्या झेंड्याच्या वस्तीतला माणूस आणि गावाचं पाणी त्याच्या हातात. हे सगळ्यांनाच गोड लागत होतं असं नाही, पण तहान मोठी होती.

पाणी सोडणाऱ्यावर आळ येतोच. त्या आळीले जास्त, आमच्याले कमी. ह्यावर त्यांनी उपाय काढला होता. प्रत्येक आळीतल्या एका बाईची ते वहीत सही घेत, पाणी सुरू झाल्याची एक आणि बंद केल्याची एक. पाण्याचा गुंड कमरेवर, एका हाताने पदर सावरत बाया सह्या करत आणि शिव्या घालत. त्या वहीत पाण्याने ओघळलेल्या सह्या मी पाहिल्या आहेत. "तोंडानं सांगतलेलं वाऱ्यावर जाते साहेब," ते मला म्हणाले होते. "आमाले आजवर जे भेटलं ते लिहून ठेवलं होतं म्हून भेटलं. तोंडानं कोणी काई देल्लं नाई." हे सांगताना त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, पण मागे भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर होती.

लेकीच्या लग्नाच्या वेळचा किस्सा तर गावात अजून सांगतात. पाहुणे म्हणाले, आम्हाला काही नको, मुलगी तेवढी पसंत आहे. ह्यांनी कानावरचं पेन काढलं. पाहुणे पोहे अर्धवट टाकून उठले. पुढच्या स्थळाचा मुलगा ट्रॅक्टर दुरुस्त करणारा होता. त्याने हसत हसत त्या कागदावर लिहिलं, काही नको, आणि खाली लपेटदार सही ठोकली. आयुष्यात त्यांना विनातक्रार लिहून देणारा तो एकच माणूस भेटला, आणि त्याला त्यांनी पोरगी दिली.

ज्या वर्षी बोंडअळीने कापूस खाल्ला त्याच वर्षी त्या भागात तार आली. साधी तार नव्हे, केसासारख्या बारीक काचेची, जिच्यातून इंटरनेट धावतं ती. सरकारने ठरवलं होतं की प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत ही तार न्यायची. मोबाईलची रेंज तिथे नावापुरती होती. पाण्याच्या टाकीच्या शिडीवर आठ-दहा पायऱ्या चढलं की दोन काड्या दिसत. शिडीला जाळीचं दार होतं आणि त्याची किल्लीही ह्यांच्याकडेच. पोरं फोन घेऊन रांग लावत आणि हे खाली उभे राहून सांगत, दोन मिनिटं, लंबं बोलायचं असेल तर एस.टी.ने जाऊन बोला.

मी एका तपासणी करणाऱ्या कंपनीत कंत्राटावर होतो. ऑफिस अमरावतीला, राजापेठेत, एका ट्यूशन क्लासच्या डोक्यावर. काम असं की ठेकेदाराने खोदलेल्या चरात उतरायचं, टेपने खोली मोजायची, टेपसकट फोटो काढायचा आणि मोजमाप वहीत सही करायची. तार पाच फूट खाली हवी असा नियम होता.

आता खरं सांगतो. पाच फूट कोणी खोदत नव्हतं. चर अडीच-पावणेतीन फुटांचा असे. काढलेली माती काठावर टाकली की तिचा दोन-सव्वादोन फुटांचा ढीग होई. टेप चराच्या तळाला लावायचा आणि ढिगाच्या माथ्यापाशी वाचायचा. फोटो गुडघ्यावर बसून खालून काढायचा, म्हणजे ढीग कुठला आणि जमीन कुठली ते कळत नाही. हे मला ठेकेदाराच्या मॅनेजरने पहिल्याच आठवड्यात शिकवलं. गोड बोलणारा माणूस होता, मला दादा म्हणायचा. आधीच्या सगळ्यांनी असंच केलंय दादा, म्हणाला. मी चार दिवस वाद घातला असेन. पाचव्या दिवशी गुडघ्यावर बसलो.

असाच बसलेलो असताना माझ्या खांद्यावरून एक लोखंडी सळई चरात उतरली. वर पाहिलं तर हे उभे.

ती सळई त्यांच्याजवळ कायम असे. सहा फुटांची, टोकाला निमुळती. पाइप कुठे फुटला ते शोधायला ते ती जमिनीत खुपसत आणि वरच्या टोकाला कान लावत. पाणी बोलते, म्हणत. सळईवर तांबड्या ऑईलपेंटच्या तीन खुणा होत्या.

"ढीग कायले मोजून राहिले साहेब? ढीग तं उद्या पुन्हा आतच जाईन."

मी काहीतरी तांत्रिक बोललो. त्यांनी ऐकून घेतलं. मग मला शेजारच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर नेलं आणि त्या खुणा समजावल्या. पहिली, वखर जातो तिथवर. दुसरी, ट्रॅक्टरचा नांगर जातो तिथवर. तिसरी साडेतीन फुटांवर होती. ती भेगेची.

"हे काळी माती उन्हाळ्यात फाटते. लेकरू आत पडन अशी फाटते. फाटतानी मंधात जे सापडन ते वढून तोडते. आमचे पाईप तोडले हिनं. तिसऱ्या खुणेच्या खाली टाकान तं टिकन."

दिवाळी नुकतीच झाली होती. माती ओली, लोण्यासारखी. भेगेचा मागमूस नव्हता. मी हसलो असेन. त्यांनी पेन काढलं. "टिकन म्हून लिहून देता काय?"

मी दिलं नाही. मोजमाप वहीत मात्र त्याच दिवशी पाच फूट म्हणून सही केली.

ते गेले नाहीत. चराच्या कडेने तसेच चालत राहिले. गावाबाहेर नाल्याजवळ रस्ता वळतो तिथे थांबले, पायाने माती दाबून पाहिली आणि एका दगडावर चुन्याने पांढरी फुली मारली. "पयले इथंच तुटन," म्हणाले. मॅनेजर, मी, जेसीबीवाला, सगळ्यांच्या समोर म्हणाले. जेसीबीवाल्याने त्यांना ज्योतिषीबुवा म्हणून हाक मारली आणि आम्ही सगळे हसलो.

संक्रांतीच्या सुमाराला ग्रामपंचायतीत इंटरनेटची पेटी बसली. हिरवे दिवे लुकलुकले, नारळ फुटला. जिल्ह्याहून आलेल्या पाहुण्यांनी भाषणात सांगितलं की आता हे गाव जगाशी जोडलं गेलं. हे मागे सतरंजीच्या घड्या घेऊन उभे होते. भाषण संपल्यावर सतरंजी ठेवली आणि पुढे आले. किती दिवस चालेल तेवढं लिहून देता काय, विचारलं. पाहुणे दिलखुलास हसले, ह्यांच्या पाठीवर थाप मारली आणि गाडीत बसले. त्या थापेचा फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात आला. फोटोत ह्यांचा एक हात पुढे आहे. त्या हातात कोरा कागद आहे हे ज्याला माहीत आहे त्यालाच दिसतं.

पण एक सांगितलं पाहिजे. तार चालली. तीनेक महिने छान चालली. त्यांची लेक लग्नानंतरही त्यांच्याजवळच राहत होती आणि गावातच अंगणवाडी सेविका होती. दुपारी ती ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटरवर लोकांचे अर्ज भरून देई. मी एकदा गेलो तेव्हा हे पेटीसमोर स्टुलावर बसून हिरव्या दिव्यांकडे बघत होते. चालते की, मी चिडवलं. "चालून राहिली," ते म्हणाले. मग जरा थांबून, "वाईट नाई." त्यांच्या तोंडून कौतुक म्हणून एवढं एकच ऐकलं.

चैत्र संपता संपता दिवे विझले.

वेळ वाईट होती. बोंडअळीच्या नुकसानीचे अर्ज ऑनलाइनच भरायचे होते आणि मुदतीचे आठच दिवस उरले होते. माणसं पिशवीत सातबारा घेऊन ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसून होती. गावाने सरपंचाला धरलं, सरपंचाने तालुक्याला फोन केला, तालुक्याने आमच्या ऑफिसला. मला पाठवलं गेलं.

तार कुठे तुटली ते सांगणारं एक यंत्र असतं. ते अंतर दाखवतं. दाखवलेलं अंतर मोजत गेलो तर नाल्याजवळचं वळण आलं. चुन्याच्या फुलीपासून आठ पावलांवर.

खोदायला फार लागलंच नाही. जमिनीला भेग पडली होती, सरळ रस्त्याला आडवी. कडेने माती काढली आणि तार हाताला लागली. दोन्ही तुटकी टोकं मी हातात धरून पाहिली. कापलेली तार वेगळी दिसते, कड साफ असते. ही ताणली गेली होती. वरचं आवरण बारीक होत होत गेलं होतं, गुळाचा पाक ओढावा तसं. कुदळीची खूण नाही, जेसीबीच्या दातांची नाही. मातीने दोन्ही बाजूंनी धरून ओढलं होतं.

ते शेजारी उभे होते. त्यांनी सळई भेगेत सोडली. ती सरसर खाली गेली आणि तिसरी खूण जमिनीच्या बरोबरीने येऊन थांबली.

"पाह्यलं ना साहेब?"

"पाहिलं," मी म्हणालो.

एवढं एक खरं मी त्यांच्याशी बोललो, आणि ते तोंडी होतं.

दुपारी ग्रामपंचायतीत बैठक बसली. ओट्यावरची माणसं खिडक्यांतून डोकावत होती. सरपंचाने विचारलं की तार तुटली कशी. मॅनेजर गोडच बोलला. म्हणाला, आम्ही पाच फूट खाली टाकलेली तार आपोआप कशी तुटेल? दादांनीच मोजली आहे, सही आहे. मग हळूच म्हणाला, पण एक नवल आहे बघा, कुठे तुटणार ते एका माणसाला पाच महिने आधीच माहीत होतं. फुलीसुद्धा मारून ठेवली होती.

खिडकीतून कोणीतरी म्हणालं, तोडणाऱ्यालेच मालूम राहते कुठी तुटन. आणि आपलं भाकीत आपणच खरं करणारा ज्योतिषी कधी पाहिला का, असं दुसरं कोणीतरी. लोक हसले. मग हसणं थांबलं. टाकीची शिडी ह्याच्या हातात, तार चालली तर शिडीला कोण विचारणार, असं कोणीतरी जोडून दिलं. वस्तीचं नाव कोणी घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. दुसऱ्या कोणाबद्दल हे इतक्या लवकर पटलं नसतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

ते माझ्याकडे बघत होते. सगळे माझ्याकडे बघत होते. तार पावणेतीन फुटांवर होती एवढं मी बोललो असतो तर पुरलं असतं. पण त्या तालुक्यातल्या तेवीस गावांच्या मोजमाप वह्यांवर माझ्या सह्या होत्या. मी म्हणालो, अहवाल दिल्याशिवाय काही सांगता येणार नाही.

अहवाल दुसऱ्या दिवशी राजापेठेच्या ऑफिसात बसून लिहिला. भर दुपार होती. खालच्या क्लासमधली पोरं एका सुरात पाढ्यासारखी सूत्रं म्हणत होती. अहवालातली दोन वाक्यं मला पाठ आहेत. 'मानवी हस्तक्षेपाची शक्यता नाकारता येत नाही.' 'ग्रामपंचायतीच्या एका कर्मचाऱ्याने तुटीची संभाव्य जागा पूर्वीच दर्शविली होती.'

दोन्ही वाक्यं नीट वाचा. एकही खोटं नाही. वहीत खोटा आकडा लिहिला होता, पण माणसाबद्दल खोटं लिहायला मी घाबरतो. म्हणून खरं अशा रीतीने लिहिलं की त्याने खोट्याचं काम करावं. आणि ग्रामपंचायतीत कर्मचारी होता एकच.

जन्मभर तो माणूस लोकांकडे लिहून मागत होता. मी लिहून दिलं ते हे.

तार ठेकेदाराने चार दिवसांत जोडली, होती तेवढ्याच खोलीवर. अर्जाची मुदत कशीबशी सांभाळली गेली. पोलिसांनी ह्यांना दोनदा ठाण्यात बोलावून दिवसभर बाकावर बसवून ठेवलं. मारलं नाही, ओरडले नाहीत, काही सिद्धही झालं नाही. ग्रामपंचायतीने ठराव केला की चौकशी पूर्ण होईपर्यंत पाणीपुरवठ्याचं काम दुसऱ्याकडे द्यावं. व्हॉल्व्हचा पाना आणि शिडीची किल्ली त्यांनी टेबलावर ठेवली आणि जमा केल्याची पावती मागितली. ती मात्र मिळाली. चौकशी कधी पूर्ण झाली नाही. पुढच्याच उन्हाळ्यात तार आणखी तीन ठिकाणी तुटली, तेव्हा ते घरी बसलेले होते, पण तोवर त्यांच्यावरून कोणाचं काही अडत नव्हतं, म्हणून संशय मागे घ्यायचं कोणाच्या लक्षातच आलं नाही.

पाना गेल्यावर महिन्याभराने ते ऑफिसात आले. जिना चढून दारात उभे राहिले तेव्हा मी ओळखलंच नाही, कारण हातात सळई नव्हती. धुतलेला सदरा, पायात नव्या चपला. मी खुर्ची दिली, चहा मागवला. त्यांनी बशीत ओतलेला चहा नुसता धरून ठेवला.

"साहेब, काम नाई मागत. वय झालं, ते दुसऱ्याले करू द्या. पण गावात बाया सही करतानी तोंड पाह्यत होत्या माह्यं, आता मी दिसलो का घागर झाकतात. तुटकी तार तुमच्या हातात होती. दोन शब्द लिहून द्या. मातीनं तोडली. खाली तुमची सही."

मी म्हणालो, वर विचारावं लागेल.

"वर कोणाले? माती तं खाली हाय."

मी म्हणालो, देतो, नक्की देतो, दिवाळीपर्यंत. त्यांनी कानावरचं पेन काढलं, कागद काढला, माझ्या टेबलावर ठेवला. मी पेनाकडे पाहिलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी चहा तसाच ठेवला. पेन कानावर गेलं. कागद मात्र टेबलावरच राहिला. ते जिना उतरले तेव्हा क्लास सुटत होता, पोरांच्या लोंढ्यात एक पांढरं डोकं खाली खाली जात राहिलं.

पुढचं सांगणं मला सर्वांत कठीण आहे.

दिवाळीनंतर त्यांचे फोन येऊ लागले. शिडीची किल्ली गेली होती, म्हणून ते फाट्यावर येऊन उभे राहत आणि तिथून लावत. रेंज तुटक. "साहेब, लिहिलं काय?" एवढं ऐकू येई. कधी ते एवढंही नाही. पण पुष्कळदा आवाज अगदी स्वच्छ येई, मागच्या बोरीवरची पाखरंसुद्धा ऐकू येत. आणि मी म्हणे, हॅलो, हॅलो, आवाज येत नाही तुमचा.

तुम्हाला आठवत असेल, त्या वर्षांत वऱ्हाडात हे वाक्य सगळेच दिवसातून दहा वेळा म्हणत. ते इतकं खरं होतं की त्यात एक खोटं सहज मिसळून जाई. प्रत्येक गाव जोडलं गेलं अशा पाट्या लागल्या होत्या. त्या जोडणीतला मी एक माणूस, आणि पलीकडून एक म्हातारा ओरडून ओरडून दोन शब्द मागतो आहे. मी डोळे मिटून म्हणतो आहे, आवाज येत नाही. ते मोठ्याने बोलत. मग आणखी मोठ्याने. एकदा म्हणाले, "मले तुमचा येते." आणि फोन ठेवला.

त्यानंतर फोन आला नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायचं नव्हतं, पण लिहून टाकलं.

कंपनीचं कंत्राट संपलं, ऑफिस बंद झालं. टेबल आवरताना तो वहीचा कागद सापडला. घडीवर पिवळा पडला होता. मी तो घरी नेला आणि पुस्तकात ठेवला. वर्षभर ठेवला. मग पुन्हा काढला आणि लिहिलं. दोन शब्दांचं पानभर झालं. खोली किती होती, ढीग कसा मोजला, फोटो कसा काढला, फुली कोणाच्या समोर मारली, टोकं कशी होती. शेवटी त्यांचे दोन शब्द आणि माझी सही. अंगातलं भूत उतरावं तसं हलकं वाटेल अशी अपेक्षा होती. तसं झालं नाही.

कागद घेऊन गेलो तेव्हा वैशाख होता. फाट्यापासून चालत गेलो. नाल्याजवळच्या दगडावरचा चुना धुऊन गेला होता. भेगा तशाच होत्या.

लेक अंगणात तूर पाखडत होती. तिने मला लगेच ओळखलं, आणि सूप खाली ठेवलं नाही. बाबा कुठे, मी विचारलं. ती म्हणाली, मागच्या पौषात गेले. झोपेतच गेले. मग म्हणाली, "बसा."

मी कागद दिला. तिने तो उभ्याने वाचला. सावकाश, ओठ हलवत, एकही ओळ न गाळता. वाचून झाल्यावर उलटून मागची बाजू पाहिली.

"शिक्का नाई ह्याच्यावर."

मी सांगितलं की मी आता त्या कामावर नाही.

"मंग हे लिहिलं कोणं?"

"मीच."

"तवा साहेब होते तवा नाई लिहिलं. आता कोणीच नाई, तं लिहिलं." ती रागाने बोलत नव्हती. बापासारखीच, वांग्यांचा भाव विचारावा तशी. "बाबा असते तं पयले शिक्का पाह्यला असता."

मग तिने तूर बाजूला सारली, कागद ओट्यावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार खडे ठेवले आणि मोबाईलने त्याचा फोटो काढला. गावाच्या ग्रुपवर टाकते, म्हणाली, सरपंच त्यात आहे, त्या आळीच्या बाया पण आहेत. "चालन ना?"

तुम्ही मला आता पुरेसं ओळखता, म्हणून सांगतो. मी क्षणभर थांबलो. तिने ते थांबणं पाहिलं. मग मी म्हणालो, टाक.

फोटो जाईना. पडद्यावर गोल फिरत राहिलं. तिने हात उंच धरला, ओट्यावर चढली, तुळशीपाशी गेली, पुन्हा आली. गोल फिरतच होतं. जाईन, ती म्हणाली, संध्याकाळून जाते कधी कधी.

निघताना अंगणाच्या कोपऱ्यात शेळी दिसली. सळईला बांधली होती. तीच सळई. जमिनीत ठोकलेली, वर जेमतेम दोन फूट उरलेली. मी वाकून पाहिलं. तांबडी खूण एकही दिसत नव्हती. तिन्ही मातीखाली गेल्या होत्या.

शेळीसाठी एवढी खोल कशाला ठोकली, मी विचारलं.

"पाना जमा करून आले त्या दिवशी ठोकली. दिवसभर ठोकत होते. मी बी हेच म्हटलं, येवढं खोल काहून? तं म्हणे, माती उन्हाळ्यात सोडून देते."

मी सळई धरली. हलवून पाहिली. शेळी दोन पावलं मागे सरली. भोवतीची जमीन चहूबाजूंनी फाटली होती, एक भेग तर अगदी सळईला लागून गेली होती. मी दोन्ही हातांनी, अंगातल्या साऱ्या जोराने पुन्हा हलवून पाहिली.

ओट्यावर लेक फोन वर धरून उभी होती. सळई हलली नाही.